उन्हाळ्यासाठी इंजिन ऑइलची जाडी कशी ठरवायची: नाशिकच्या गाडीवाल्यांसाठी टप्प्याटप्प्याने

मार्च सरत आला की नाशिकच्या गॅरेजांमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं: "उन्हाळा लागलाय, जरा जाड ऑइल टाका." कधी गाडीमालक म्हणतो, कधी मेकॅनिक. हेतू दोघांचाही चांगला असतो. पण त्या एका वाक्यापायी ५डब्ल्यू-३० ग्रेड (डब्यावरचे जाडीचे आकडे) मागणाऱ्या इंजिनात त्याहून बरंच जाड २०डब्ल्यू-५० पडतं. पुढे अ‍ॅव्हरेज का पडलं आणि सकाळी टॅपेट का वाजतात, हे शोधण्यात वर्ष जातं.

ओळखीतल्या लोकांना मी हे दर उन्हाळ्यात फोनवर सांगतो, आणि बहुतेकांचा क्रम उलटा झालेला असतो. डबा आधी घरी येतो, प्रश्न नंतर येतो. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढलं आहे. इथे सांगितल्याशिवाय टप्पे गाळू नका. पहिल्या दोन टप्प्यांतच निम्म्या लोकांचं उत्तर मिळून जातं.

## तयारी: एवढं हाताशी ठेवा

गाडीची मालक-पुस्तिका, मागच्या ऑइल बदलाचं बिल, एक पांढरा टिश्यू किंवा जुना सुती कपडा, टॉर्च आणि वही. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर ती बहुधा मिळते. मात्र तुमच्याच मॉडेलची, तुमच्याच इंजिनाची आणि तुमच्याच वर्षाची हवी. एकाच नावाच्या गाडीचं २०१७ चं इंजिन आणि २०२१ चं इंजिन वेगळं असू शकतं, आणि ऑइलही.

बिलावर नुसतं 'इंजिन ऑइल ३.५ लि.' असं लिहिलेलं असेल तर गॅरेजला फोन करून ग्रेड विचारून घ्या. आत्ता इंजिनात काय आहे ते माहीत नसताना पुढे काय टाकायचं हे ठरवता येत नाही.

वहीत चार ओळी लिहा: किलोमीटरचा आकडा, मागचा बदल किती किलोमीटरला झाला, पुस्तिकेतली ग्रेड, सध्याची ग्रेड.

## टप्पा १: तक्रार ऑइलची आहे का, ते आधी पाहा

सहा वर्षांपूर्वी आमच्या दादाची पेट्रोल हॅचबॅक मे महिन्यात मालेगावला जायची होती. चांदवडच्या घाटात एसी लावला की तापमानाचा काटा वर सरकायचा. आम्ही गाडी गॅरेजला नेली. तिथे सांगितलं गेलं की पातळ ऑइल या उन्हात टिकत नाही, आणि २०डब्ल्यू-५० भरून दिलं. आम्हीही मान डोलावली. मालेगावला जाताना काटा पुन्हा तसाच वर गेला. शेवटी दुसऱ्या एका फिटरने पुढची जाळी काढून टॉर्च मारला. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, किडे आणि वाळका पाला यांचा नमद्यासारखा थर बसला होता. बोटाने ओढला तर अख्खा पट्टा निघाला. आतून मऊ ब्रश आणि पाण्याचा हलका फवारा मारल्यावर काटा परत जागेवर आला. ते जाड ऑइल मात्र इंजिनात राहिलं. डिसेंबरात निफाडला मुक्काम होता, तेव्हा पहाटे स्टार्टर जड फिरला आणि सुरू झाल्यावर काही सेकंद वरून टकटक ऐकू आली. तेव्हा कुठे आम्हाला ते आठवलं.

काटा वर जाणं ही बहुतेक वेळा कूलिंगची तक्रार असते: कूलंट कमी, त्यात साधं पाणी भरलेलं, फॅन संथ किंवा बंद, थर्मोस्टॅट अडकलेला, रेडिएटर तुंबलेला. जाड ऑइल यातलं काहीच दुरुस्त करत नाही. उलट जाड ऑइल घुसळायला इंजिनाला जास्त जोर लागतो, आणि तो जोर उष्णता होऊनच बाहेर पडतो.

आता ऑइलची पातळी पाहा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन गरम करून बंद करा, पाच ते दहा मिनिटं थांबा. ऑइल मोजायची पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. बऱ्याच मोटारींत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एका लिटरचा फरक असतो. साडेतीन लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनात एक लिटर कमी असेल, तर उरलेलं ऑइल त्याच उष्णतेत जास्त वेळा फिरतं आणि लवकर थकतं. 'ऑइल पातळ झालंय' अशी तक्रार घेऊन आलेल्या कित्येक गाड्यांत ऑइल कमी झालेलं असतं, एवढंच.

तपासणी: पातळी वरच्या खुणेच्या *वर* गेली असेल आणि पट्टीला डिझेलचा वास येत असेल, तर इथेच थांबा. बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर जाळून साफ होताना जादा डिझेल सिलिंडरात सोडलं जातं. कॉलेज रोड ते गंगापूर रोड अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहते आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. असं ऑइल खरोखरच पातळ झालेलं असतं. त्यावर उपाय म्हणजे त्याच ग्रेडचं ऑइल ताबडतोब बदलणं आणि आठवड्यातून एकदा सिन्नर किंवा पिंपळगावपर्यंत सलग धाव देणं.

इशारा: ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर ग्रेडची चर्चा नंतर. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पातळी पाहा. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल तर गाडी टोइंग करून न्या.

## टप्पा २: पुस्तिकेतलं पान उघडा आणि पूर्ण वाचा

लोक पुस्तिका उघडतात, पहिली ग्रेड वाचतात आणि मिटतात. त्याच पानावर खाली किंवा शेजारी अनेकदा तापमानाचा आडवा पट्ट्यांचा तक्ता असतो: डावीकडे उणे तापमान, उजवीकडे ४० किंवा ५० अंश, आणि कोणती ग्रेड कुठून कुठपर्यंत चालते याच्या रेषा. नाशिककरासाठी त्या तक्त्याचं उजवं टोक महत्त्वाचं. नाशिक शहरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो, मालेगावकडे ४३ च्याही वर जातो.

तुमच्या ग्रेडची रेषा उजवीकडे बाण करून पुढे गेली असेल, तर कंपनीने त्या ग्रेडला उन्हाची वरची मर्यादाच घातलेली नाही. मालेगावचा मे त्यात बसला. विषय संपला, थेट सहाव्या टप्प्यावर जा.

तक्त्यात दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतील, तर निवड त्यांच्यातूनच करायची. एकच दिलेली असेल तर ती एकच. हल्लीच्या काही पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० लागतं, काहींना तर ०डब्ल्यू-१६. हे आकडे पाहून पोटात गोळा येतो हे मला माहीत आहे. पण त्या इंजिनांचा ऑइल पंप, बेअरिंगमधली फट आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा त्याच ऑइलवर बेतलेली असते. ही यंत्रणा ऑइलच्या दाबावर, बारीक वाटांमधून चालते. जाड ऑइल तिथे उशिरा पोचतं.

याच पुस्तिकेत आणखी एक पान शोधा: खडतर वापरासाठीचं सर्व्हिस वेळापत्रक. धूळ, सततचं ओझं, लहान फेऱ्या, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास रांगणं हे सगळं त्यात येतं. द्वारका आणि मुंबई नाक्यावरून रोज जाणारी गाडी त्यातच बसते. त्या वेळापत्रकात ऑइल बदलण्याचं अंतर कमी दिलेलं असतं. माझ्या मते उन्हाळ्यात जाडी वाढवण्यापेक्षा ऑइल वेळेआधी बदलणं कितीतरी जास्त उपयोगाचं.

## टप्पा ३: डब्यावरचे आकडे नीट समजून घ्या

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

५डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनासाठी. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० आणि उणे ३५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ आणि उणे २० वर. तेवढी थंडी आपल्याकडे पडत नाही; निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला तरी पेपरात फोटो येतो. म्हणून लोक म्हणतात, "५डब्ल्यू हे काश्मीरचं ऑइल, आपल्याला काय करायचंय?" पण हा आकडा लहान असल्याने उन्हाळ्यात काही बिघडत नाही. गरम झाल्यावर ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० एकाच पट्ट्यात असतात. फरक फक्त गार इंजिन सुरू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांचा, आणि तो ५डब्ल्यूच्या बाजूने.

उन्हाळ्याशी संबंध आहे तो दुसऱ्या आकड्याचा. तो १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. सेंटीस्टोक या मापात त्याचे पट्टे ठरलेले आहेत:

- २०: ६.९ ते ९.३
- ३०: ९.३ ते १२.५
- ४०: १२.५ ते १६.३
- ५०: १६.३ ते २१.९

आता एक गोष्ट शांतपणे पाहा. साधारण ५डब्ल्यू-३० ऑइल १०० अंशांना १० ते १२ सेंटीस्टोक असतं, आणि ४० अंशांना ६० ते ७०. मे महिन्यातल्या भर दुपारी पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या तुमच्या गाडीतलं ऑइल साधारण ४० अंशांवर आहे असं धरा. म्हणजे ते इंजिनाला चालताना हवं असतं त्यापेक्षा पाच-सहा पट जाडच आहे. बाहेरच्या उन्हाने ऑइल 'पाण्यासारखं' होतं ही कल्पना इथेच गळून पडते. बाहेर २५ अंश असोत की ४२, थर्मोस्टॅट आणि फॅन मिळून कूलंट नव्वदीच्या आसपास धरून ठेवतात, आणि ऑइल त्याच्या जवळपास किंवा थोडं वर राहतं. त्याला ११०-१२० च्या पुढे नेतो तो घाट, ओझं आणि वेग. उन्हाची त्यात थोडी भर पडते, एवढंच.

नेहमीच्या चुका: दोन बोटांत ऑइल चोळून जाडी ठरवणं. बोटाचं तापमान ३०-३५ अंश. त्यावरून १०० अंशांचा अंदाज येत नाही. रंग पाहून ठरवणंही तसंच. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच किलोमीटरमध्ये काळं होतं, कारण ते काजळी धरून ठेवतं, आणि तेच त्याचं काम आहे. तिसरी चूक म्हणजे 'सिंथेटिक म्हणजे पातळ' हा समज. सिंथेटिक हा ऑइलच्या बनावटीचा प्रकार आहे. १५डब्ल्यू-५० सुद्धा सिंथेटिक मिळतं. उलट उष्णतेत टिकण्याच्या बाबतीत सिंथेटिक साध्या मिनरल ऑइलपेक्षा सरस असतं.

## टप्पा ४: तुमच्या गाडीचा उन्हाळा कसला आहे ते लिहा

नाशिकचा उन्हाळा सगळ्या गाड्यांना सारखा नसतो. वहीत खालीलपैकी तुमची ओळ निवडा.

शहरात घर ते ऑफिस: इंदिरानगर ते सातपूर, नाशिक रोड ते सीबीएस. सिग्नल, एसी, कमी वेग. ऑइल फार तापत नाही. कूलंट आणि फॅनवर ताण येतो. जाडी वाढवायचं कारण नाही.

समृद्धीवर सलग धाव: १२० च्या मर्यादेजवळ तासन्‌तास, चार माणसं, सामान, एसी. इथे ऑइल खरंच जास्त तापतं आणि त्याला दम खायला उतार मिळत नाही. पातळी पूर्ण आणि ऑइल ताजं असणं अत्यंत महत्त्वाचं.

घाट: कसाऱ्याचा घाट मुंबईकडून चढताना, किंवा वणीला सप्तशृंगगडावर. कमी गिअर, इंजिनाचे फेरे (आरपीएम) जास्त, समोरून वारा कमी. वीस-पंचवीस मिनिटांचा ताण, पण तीव्र.

ओझं: पिंपळगाव किंवा लासलगावच्या बाजारात कांदा, टोमॅटो, द्राक्षांचे क्रेट नेणारी पिकअप, भरलेली टॅक्सी, ट्रेलर ओढणारी एसयूव्ही. खरा प्रश्न यांचा.

जुनं इंजिन: लाख-दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेलं, दर हजार किलोमीटरला ऑइल खाणारं.

टर्बो असेल तर शेजारी वेगळी खूण करा. घाट चढून आल्यावर टर्बोची बेअरिंग तापलेली असते आणि तिला गार करणारं ऑइल इंजिन बंद केल्याक्षणी फिरायचं थांबतं. घाटमाथ्यावर चहाला थांबताना मिनिटभर आयडलवर ठेवूनच चावी फिरवा. यासाठी ग्रेड बदलावी लागत नाही, पैसा लागत नाही.

## टप्पा ५: आता जाडी ठरवा

उत्तरं तीनच असू शकतात.

पहिलं: आहे तीच ग्रेड. शहरातली, अधूनमधून मुंबई-पुण्याला जाणारी, वॉरंटीतली कोणतीही गाडी. नाशिकमधल्या बहुतेक गाड्या इथेच संपतात.

दुसरं: तीच ग्रेड, पण दणकट प्रकारची. हा पर्याय फार कमी लोकांना माहीत आहे आणि माझ्या मते सर्वांत चांगला आहे. बेअरिंगमध्ये ऑइलची चादर प्रचंड दाबाखाली असते. तिथे ती किती तग धरते हे १५० अंशांवर, जोराने घासत मोजलं जातं. त्याला एचटीएचएस म्हणतात; आकडा मोठा तेवढी चादर भक्कम. ३० च्या ग्रेडला किमान २.९ लागतं. पण एसीईए (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) सी३ चा शिक्का असलेल्या ५डब्ल्यू-३० ला किमान ३.५ लागतं, आणि सी२ च्या ५डब्ल्यू-३० ला २.९ पुरतं. म्हणजे दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० च लिहिलेलं, पण घाटात एक दुसऱ्यापेक्षा जाड चादर धरतो. तुमची पुस्तिका 'सी२ किंवा सी३' असं म्हणत असेल आणि गाडी ओझ्याची किंवा समृद्धीची असेल, तर सी३ घ्या. अ‍ॅव्हरेज किंचित कमी पडेल. पुस्तिकेत फक्त सी२ असेल तर सी२ च.

तिसरं: एक पायरी वर. ३० वरून ४०. यासाठी दोनच परवाने: पुस्तिकेच्या तक्त्यात ती ग्रेड आहे, किंवा वॉरंटी संपलेलं जुनं इंजिन ऑइल खातं आहे आणि बाहेर कुठेही गळती नाही. पायरी एकच. आणि 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा वाढवायचा नाही: ५डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४०. थेट २०डब्ल्यू-५० वर उडी मारू नका.

ऑइल खाणाऱ्या इंजिनाला एक पायरी वर नेल्याने खाणं थोडं कमी होईल. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजले असतील तर ते तसेच राहतील. वेळ विकत मिळतो, दुरुस्ती होत नाही, हे डोक्यात ठेवून करा.

आणि जुन्या, साध्या डिझेल पिकअप किंवा ट्रॅक्टरला पुस्तिकेतच १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असेल तर तेच टाका. शेजाऱ्याने नव्या एसयूव्हीत ०डब्ल्यू-२० टाकलं म्हणून तुम्ही टाकू नका. चूक दोन्ही दिशांनी होते.

तपासणी: वहीत लिहिलेली ग्रेड पुस्तिकेच्या पानावर सापडते का? सापडत नसेल तर जुन्या इंजिनाचं कारण शेजारी लिहिलेलं आहे का? दोन्ही नसेल तर दुसऱ्या टप्प्यावर परत.

## टप्पा ६: जाडीनंतरची अक्षरं

जाडी बरोबर आणि दर्जा चूक, हाही घोटाळा सर्रास होतो.

पेट्रोलसाठी एपीआय या अमेरिकी संस्थेची दर्जाची अक्षरं 'एस' ने सुरू होतात: एसएल, एसएम, एसएन, आणि २०२० मध्ये आलेलं एसपी. वरचं अक्षर खालच्याच्या जागी चालतं. एसएन मागितलं असेल तर एसपी उत्तम. लहान टर्बो पेट्रोल इंजिन असेल तर एसपीच घ्या. इंजिनाचे फेरे (आरपीएम) कमी असताना जोर दिल्यावर इंधन ठिणगीच्या आधीच पेटण्याचा त्या इंजिनांचा धोका लक्षात घेऊन एसपीच्या चाचण्या ठरवल्या आहेत.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये काजळीचा फिल्टर असेल तर कमी राख सोडणारं ऑइल लागतं; मोटारींसाठी ते एसीईएच्या 'सी' गटात येतं. ऑइल जळून उरलेली राख त्या फिल्टरमध्ये साठते आणि काजळीसारखी जाळून टाकता येत नाही.

इशारा: ए३/बी४ चा शिक्का असलेलं ५डब्ल्यू-४० उष्णतेत भक्कम असतं आणि म्हणून दुकानदार ते सुचवतो. काजळी फिल्टरच्या गाडीत ते टाकू नका. फिल्टरची किंमत ऐकलीत तर ऑइलमध्ये वाचलेले पैसे आठवणारही नाहीत.

### दुचाकी

दुचाकीला वेगळा नियम. गिअरच्या मोटारसायकलमध्ये क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ हवं. मोटारीचं ऑइल ओतलं तर क्लच घसरू शकतो. गिअरलेस स्कूटरला एमबी. जाडीही कंपनी-कंपनीची वेगळी: स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, अ‍ॅक्टिव्हालाही १०डब्ल्यू-३० पण एमबी, रॉयल एनफिल्डच्या ३५० ला १५डब्ल्यू-५०. बुलेटवाल्या मित्राचं ऐकून स्प्लेंडरमध्ये १५डब्ल्यू-५० टाकणारे मी पाहिले आहेत. पिकअप मरतो आणि मग कार्ब्युरेटर उघडला जातो. दुचाकीत ऑइल जेमतेम लिटरभर असतं. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी पाहणं हाच तिचा खरा बचाव.

## टप्पा ७: खरेदी

डबा सीलबंद, झाकणाची कडी अखंड, उत्पादनाची तारीख आणि बॅच नंबर वाचता येईल असा. बिलावर ग्रेड आणि दर्जा दोन्ही लिहून घ्या. वॉरंटीत वाद झाला तर तोच कागद कामी येतो. मोठ्या ड्रममधून मापाने मिळणारं ऑइल ओळखीच्या, खात्रीच्या ठिकाणाशिवाय घेऊ नका.

रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडू नका. झाकण काढून डब्याला भोक पाडा, मगच भंगारात द्या. अखंड डबा पुन्हा भरून विकला जातो.

अर्धा लिटर जादा घ्या आणि डिकीत ठेवा. उन्हाळ्यातल्या लांब प्रवासात टॉपअपला दुसऱ्याच ग्रेडचं ऑइल शोधत फिरावं लागत नाही. वाटेत अगदीच नाइलाज झाला तर वेगळ्या कंपनीचं, जवळच्या ग्रेडचं ऑइल टॉपअपला चालतं. ऑइल कमी ठेवून गाडी पळवण्यापेक्षा ते बरं. परतल्यावर बदलून घ्या.

## टप्पा ८: बदलताना समोर उभे राहा

क्रम असा असावा.

१. इंजिन कोमट. गाडी दहा मिनिटं चालवून, पाच-दहा मिनिटं थांबून. रणरणत्या उन्हात घाटातून आलेली गाडी लगेच उघडायला लावू नका, हात भाजतो.

२. वरचं झाकण सैल करा, मग चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) नट काढा. धार थेंबांवर येईपर्यंत थांबा. घाईत अर्धा लिटर जुनं ऑइल आत राहतं, आणि नवं त्यात मिसळून पहिल्या दिवसापासून काळवंडतं.

३. फिल्टर बदला, दर वेळी. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा. जुना रबर इंजिनालाच चिकटून राहिला नाही ना, तेही पाहा; दोन रबर एकावर एक बसले तर महामार्गावर सगळं ऑइल बाहेर येतं.

४. चेंबरच्या नटाचा वायसर नवा. जोर मोजूनच द्या. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे पटकन जातात.

५. पुस्तिकेतल्या मापापेक्षा पाव लिटर कमी भरा. इंजिन मिनिटभर चालवा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, पट्टी पाहा आणि मग थोडं थोडं घालत वरच्या खुणेच्या जरा खाली आणा.

इशारा: 'उन्हाळा आहे, जरा जास्त भरतो' हे ऐकलंत तर नाही म्हणा. पातळी फार वर गेली की क्रँक ऑइलात आपटतो, फेस होतो, आणि फेसाळलेलं ऑइल पंपाला नीट उचलता येत नाही. दाब पडतो.

जुनं ऑइल गटारात किंवा नाल्यात जाऊ देऊ नका. शहरातले नाले शेवटी गोदावरीलाच मिळतात. जुनं ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे देणारं गॅरेज निवडा, आणि आपलं कुठे जातं ते विचारा. विचारायला संकोच कसला?

## टप्पा ९: पहिले हजार किलोमीटर

बदलल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी खाली फरशीवर डाग पाहा: एक नटाखाली, एक फिल्टरखाली. त्यानंतर आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच जागी आणि त्याच पद्धतीने पट्टी पाहून वहीत खूण करा.

ग्रेड एक पायरी वर नेली असेल तर तीन गोष्टी लिहा: सकाळी सुरू करताना टकटक किती सेकंद टिकते, टाकी-टू-टाकी अ‍ॅव्हरेज, आणि हजार किलोमीटरला किती ऑइल कमी झालं. टकटक वाढली असेल आणि खाणं तेवढंच असेल, तर पुढच्या बदलाला मुकाट्याने मूळ ग्रेडवर या.

पहिला कसारा किंवा समृद्धीची पहिली लांब धाव झाली की त्याच रात्री पट्टी बघायची घाई करू नका. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी ऑइल पूर्ण खाली उतरलेलं असतं, आणि गाडी सपाट असेल तर ती खूण खरी असते. गार इंजिनाची खूण गरम इंजिनापेक्षा किंचित वेगळी दिसते, म्हणून वहीत शेजारी 'गार' असं लिहून ठेवा.